ब्रेकबाई आणि कंपनीचं कार्ड

ब्रेकबाईंनी आयुष्यात कुणाचं भलं चिंतलं असेल तर ते फक्त पायी चालणाऱ्यांचं. चाकांवरून जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी गुन्हेगार होता. काहींचा गुन्हा घडून गेलेला, काहींचा घडायचा. त्यांच्याकडे गाडी शिकायला जाणारे आम्ही सगळे दुसऱ्या प्रकारात मोडायचो, आणि गुन्हा घडायच्या आधीच शिक्षा उरकून घ्यावी अशी त्यांची शिकवण्याची रीत होती.

"गिअर टाकायचाय, दाढ उपटायची नाहीये," हे त्या एका दातांच्या डॉक्टरला म्हणाल्या होत्या. मला म्हणाल्या, "स्टिअरिंग आहे ते. कुणाचे पाय धरल्यासारखं काय धरलंय?" एका निवृत्त शिक्षिकेने सिग्नलला थांबल्यावर आरशात बघून केस सारखे केले. तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "आरसा मागचं बघायला असतो. पुढचं जे मिळालंय त्यात आता फरक पडणार नाही." त्या शिक्षिका दुसऱ्या दिवशीही वेळेवर आल्या. सगळेच यायचे. बाईंकडून कुणी रागावून सोडून गेल्याचं मी ऐकलेलं नाही. रागावून राहिलेले मात्र पुष्कळ होते.

दोन दुकानांच्या मधल्या बोळात त्यांची खोली होती. पाटीवरचं नाव उन्हाने उडून गेलेलं, खाली 'ड्रायव्हिंग स्कूल' एवढंच शिल्लक. आत टेबलावर एका मोडीत निघालेल्या गाडीचं स्टिअरिंग बोल्टने घट्ट बसवलेलं. नव्या माणसाने पहिला आठवडा तेच फिरवायचं. बसायला त्याच गाडीची मागची सीट, स्प्रिंग बाहेर आलेली, त्यामुळे खोलीत कुणी फार वेळ रेंगाळत नसे. भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, आणि त्या तक्त्याच्या कोपऱ्यात, 'पुढे वळण' आणि 'हॉर्न वाजवू नका' यांच्या शेजारी, एका नव्याकोऱ्या गाडीचं कापून चिकटवलेलं चित्र. ते चित्र तिथे का आहे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आता ब्रेकबद्दल. जे गाडी शिकलेले नाहीत त्यांना हे माहीत नसतं, की शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शेजारी बसलेल्या मास्तरच्या पायाशी, आणि मधून एक लोखंडी दांडा. मास्तरने आपला दाबला की शिकणाऱ्याचाही आपोआप खाली जातो. बाकीचे मास्तर तो अपघात टाळायला वापरतात. बाई तो बोलण्यातही वापरायच्या. एखादं वाक्य संपवायचं असलं की पाय दाबायच्या. आम्ही तोंडावर 'मॅडम' म्हणायचो आणि मागे 'ब्रेकबाई'. त्यांना हे ठाऊक होतं. त्यांच्या गाडीत मागे काय चालतं ते बघायला एक जादा आरसा होता.

त्या ब्रेकचं रबर झिजून त्यांच्या चपलेच्या आकाराचं झालं होतं. गाडी एकेकाळी पांढरी होती. तिचं मागचं दार बाहेरूनच उघडायचं, त्यामुळे मागे बसलेल्यांना बाईंच्या परवानगीशिवाय उतरता येत नसे. बाईंच्या हातच्या सगळ्या गाड्या अशाच, कुणाच्या तरी वापरून झालेल्या. नवी गाडी त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती. आणि आता या गाडीवरही गंडांतर आलं होतं. तपासणीच्या कार्यालयाने तोंडी तंबी दिली होती, की हे वर्ष संपलं की ही गाडी रस्त्यावर दिसता कामा नये. गाडी गेली की शाळा गेली. शिवाय कोपऱ्यावर एक मोठी शाळा निघाली होती. तिच्या काचेच्या दारामागे चार नव्या चकचकीत गाड्या आणि टोप्या घातलेले चार मास्तर. बाईंचे दोन विद्यार्थी तिकडे गेले. ते चकाट्या पिटत समोरून जाताना दिसले की बाई त्यांच्याकडे असं बघायच्या, की ते रस्ता ओलांडून पलीकडे व्हायचे. निदान उजवीकडे-डावीकडे बघून तरी ओलांडायचे. तेवढं बाईंनी शिकवलेलं होतं.

अशा वेळी भाऊजी उगवले.

भाऊजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. गाडीच्या एका कंपनीच्या शोरूममध्ये नोकरीला. टाय, चकचकीत बूट आणि मागून आलं तरी आधी कळेल इतकं अत्तर. दीर-भावजयीचं वाकडं होतं ते भाऊजींच्या लग्नापासूनचं. भाऊजी गाडी शिकले ते बाईंकडेच. लग्न ठरलं तेव्हा सोयरे घरी आलेले असताना त्यांनी ऐटीत सांगितलं, की नवरीला मी स्वतः गाडी चालवत घरी आणणार. बाई तेव्हा पाण्याचे पेले घेऊन बाहेर येत होत्या. पेले खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "हे चालवणार असतील तर मुलीला पायी पाठवा. वेळ लागेल, पण पोचेल." भरल्या घरात हशा पिकला. सासरे तर डोळे पुसत हसले. भाऊजींनी ते काळजात कोरून ठेवलं.

तर हे भाऊजी एका दुपारी बोळात शिरले आणि स्प्रिंगवाल्या सीटवर न बसता उभेच राहिले. मी माझ्या पाळीची वाट बघत टेबलावरचं स्टिअरिंग फिरवत होतो.

"वहिनी, तुमच्या कामाची गोष्ट आणलीये."

"तुम्ही आणलीत म्हणजे तुमच्या कामाची असणार."

"कंपनीचं कार्ड निघालंय. बँकेबरोबर. आमच्या कंपनीच्या नावाचं क्रेडिट कार्ड." त्यांनी खिशातून एक रंगीत पत्रक काढून टेबलावर ठेवलं. "पेट्रोल भरा, पॉईंट मिळवा. पॉईंट साठवा, नव्या गाडीच्या किमतीतून वजा करा. तुमच्याइतकं पेट्रोल या भागात दुसरं कोण जाळतं?"

"मी जाळत नाही. यांच्यासारखे पहिल्या गिअरमध्ये चालवून जाळतात," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"यांनी तर कार्ड घेतलंसुद्धा," भाऊजी म्हणाले. "विचारा यांना."

बाईंनी मान वळवली. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. घेतलं होतं खरं. माझ्याकडे गाडी नव्हती, पण गाडीच्या कंपनीचं कार्ड होतं. शोरूमसमोरून जाताना भाऊजींनी आत बोलावून थंडगार सरबत पाजलं, आणि सरबत संपेपर्यंत कार्ड झालं होतं.

"काय मिळालं?" बाईंनी विचारलं.

"एक मानेखाली घ्यायची उशी. आणि किल्लीला लावायची साखळी."

"किल्ली आहे?"

"नाही."

"मान आहे का, ते बघून घ्या," बाई म्हणाल्या आणि पत्रकाकडे वळल्या. त्यांनी ते हातात घेतलं नाही, नुसतं बोटाने सरकवून जवळ केलं. पत्रकावर गाडीचं चित्र होतं. मी ते ओळखलं. तक्त्याच्या कोपऱ्यात चिकटवलेली गाडी तीच होती, रंगसुद्धा तोच.

भाऊजींनीही ते पाहिलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "घरचा माणूस शोरूममध्ये आहे, वहिनी. जुनी गाडी तुमची निघणारच आहे. किती दिवस दुसऱ्यांच्या उतरलेल्या गाड्या वापरायच्या? माझ्याकडे नुसता एक शब्द टाका."

हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या चवीने उच्चारलं, की मला सगळं समजलं. शोरूममध्ये कार्डांचा आकडा गाठायचा असतो हे खरंच. पण त्यासाठी त्यांना दुसरं कुणीही मिळालं असतं. बाईंनी शब्द टाकायला हवा होता, तोही त्यांच्याकडे. पुढे दहा वर्षं प्रत्येक घरगुती बैठकीत 'वहिनींना नवी गाडी मीच मिळवून दिली' असं म्हणता आलं असतं.

"विचार करते," बाई म्हणाल्या.

ब्रेकबाईंना विचार करताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे सगळे विचार आधीच झालेले असायचे. म्हणून मला काळजी वाटली.

थोड्या वेळाने त्यांचे यजमान डबा घेऊन आले. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. बाहीवर कायम पांढरी भुकटी आणि बोलणं जेमतेम. घरातल्या वाट्याचं सगळं बोलणं बाई एकट्याने उरकायच्या, त्यामुळे त्यांना फारसं उरत नसे.

"आला होता ना तो?" त्यांनी डबा उघडता उघडता विचारलं.

"अहो, तुम्हाला आधीच ठाऊक होतं तर."

"घेऊन टाक की कार्ड. नाही पटलं तर वापरू नकोस. त्याचं तोंड तरी बंद होईल."

"त्यांचं तोंड बंद करायला कार्ड पुरत नाही. टाके घालावे लागतात."

यजमानांनी डब्याचं झाकण पुसलं. मग तक्त्याच्या कोपऱ्याकडे बघत हळूच म्हणाले, "तुला नवी गाडी हवीये."

बाई काहीच बोलल्या नाहीत. मी स्टिअरिंग उगाच डावीकडे वळवलं, कारण माझ्या देखत कुणीतरी बाईंना निरुत्तर केलं होतं आणि अशा प्रसंगी कुठे बघायचं ते मला शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाईंनी भाऊजींना सकाळी गाडीत बोलावलं. "कार्ड समजावून सांगा. पण मी खुर्चीत बसून काही ऐकत नाही. ऐकायची माझी जागा गाडीत आहे. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते."

"मी? वहिनी, मी रोज गाड्या चालवतो. नव्याकोऱ्या."

"मग ही पण चालेल. जुनी असली तरी चावत नाही."

माझा तास आधीच ठरलेला होता, म्हणून मला मागे कोंबलं. दार बाहेरून बंद झालं. भाऊजींनी सीटवर रुमाल अंथरला, त्यावर बसले, आणि आम्ही निघालो.

"तर वहिनी, पहिलं म्हणजे, कार्ड फुकट."

गाडी थांबली. पुढे एक कुत्रा रस्ता ओलांडत होता.

"कुठल्या वर्षापर्यंत?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या वर्षी. नंतर नाममात्र."

गाडी पुन्हा थांबली. या वेळी सिग्नल होता. ब्रेक सिग्नलसाठी लागला की 'नाममात्र'साठी, हे मला मागून सांगता येईना.

"पॉईंट शिळे कधी होतात?"

"शिळे काय हो वहिनी, ती काय पोळी आहे? दोन वर्षांत वापरायचे."

"आणि महिन्याला कितीपर्यंत मिळतात?"

भाऊजींनी हात स्टिअरिंगवरून काढून हवेत एक वर्तुळ काढलं. "त्याला अर्थात एक मर्यादा आहे."

"ती माझ्या पेट्रोलच्या अलीकडे आहे की पलीकडे?"

भाऊजींनी थोडा वेळ रस्त्याकडे लक्ष दिलं. सगळ्या प्रवासात त्यांनी रस्त्याकडे लक्ष दिलं ते तेवढंच. "थोडी अलीकडे," ते म्हणाले, आणि गाडी दवाखान्याच्या दारासमोर कचकन थांबली. काठी टेकत एक आजोबा समोरून गेले. जाता जाता त्यांनी बाईंना हात केला. बाईंनीही केला. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर माया आली आणि आजोबा फुटपाथला लागताच निघून गेली.

"एखाद्या महिन्याचे पैसे वेळेवर भरले गेले नाहीत तर?"

"तुमचे कशाला राहतील?"

"मी 'कशाला राहतील' असं विचारलं नाही. राहिले तर?"

"व्याज लागतं."

"नाममात्र?"

"...नाही. ते जरा जास्त आहे."

बाजाराच्या तोंडाशी एक हातगाडी आडवी आली. आम्ही थांबलो. शाळेच्या मैदानातून चेंडू आला, मागोमाग दोन पोरं आली. आम्ही थांबलो. भाऊजींची टकळी मात्र कुठेही थांबली नाही. आणि खरं सांगायचं तर, बाजार ओलांडेपर्यंत मला वाटायला लागलं होतं की बाई कार्ड घेणार. त्यांचे प्रश्न धारदार होते, पण ते घ्यायचं नसलेल्या माणसाचे नव्हते. ज्याला घ्यायचं असतं तोच इतकं टोकरून विचारतो. फी, मर्यादा, व्याज, सगळं त्या मनातल्या मनात पेट्रोलच्या खर्चाशी जुळवून बघत होत्या, आणि एकदोनदा त्यांनी स्वतःशीच मान हलवली. वर्षअखेरीला तक्त्यातली ती गाडी बोळाबाहेर उभी राहणं अगदीच अशक्य नाही, असं काहीतरी त्यांचं उत्तर येत असावं.

मग त्यांनी शेवटचं विचारलं. आवाज जरा खालचा होता. "नव्या गाडीत हा ब्रेक कोण बसवून देणार? शोरूमचा मिस्त्री की माझा नेहमीचा?"

भाऊजी हसले. "वहिनी, नव्या गाडीला बाहेरचा हात लावायचाच नाही. पॉईंटवर घेतलेली गाडी दोन वर्षं आहे तशीच ठेवायची. आत काही बसवलं की सवलत परत घेतात आणि शोरूम सर्व्हिसिंगला हात लावत नाही."

"मग दोन वर्षं मी काय करू?"

"शिकवा की. कागदावर घरची गाडी दाखवू. कोण बघतंय? आणि हल्लीच्या गाड्या किती हुशार असतात. हा असला दांडा आता कुणाला लागतो?"

तोवर आम्ही गोदामांच्या मागच्या गल्लीत आलो होतो. सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं.

"गाडी कडेला घ्या," बाई म्हणाल्या.

भाऊजींनी गाडी कडेला घेतली. बाईंनी ती थांबवली.

"हा कुणी मारला?"

"काय कुणी मारला?"

"आत्ताचा ब्रेक."

भाऊजींनी खाली आपल्या बुटाकडे पाहिलं. त्यांचा पाय ब्रेकपासून वीतभर लांब, आरामात पसरलेला होता.

"घरापासून इथवर आलो, भाऊजी. कुत्रा झाला, सिग्नल झाला, ते आजोबा झाले, शाळेची पोरं झाली. तुम्ही एकदाही ब्रेकवर पाय ठेवला नाहीत. दांडा कुणाला लागतो म्हणून मला विचारताय, आणि सकाळपासून त्याच्यावर स्वार होऊन फिरताय."

भाऊजींचे कान लाल झाले. "तुम्ही संधीच देत नाही. मी मारणार, तेवढ्यात तुम्ही मारता. शिकवतानाही हेच. म्हणून तर मला शिकायला इतका वेळ लागला."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय उचलले आणि सीटवर ऐसपैस मांडी घालून बसल्या. "घ्या संधी."

"म्हणजे?"

"गल्लीच्या टोकापर्यंत चला. मी इथे नाहीच असं समजा. नवी गाडी आहे, दांडा नाही, बाजूला तुमची वहिनी मांडी घालून बसलीये."

मी मागचं दार ढकलून बघितलं. ते अर्थातच उघडलं नाही.

भाऊजींनी गाडी सुरू केली. बैलाने सुद्धा मागे टाकलं असतं इतक्या हळू. पहिल्या वळणावर ते ब्रेकची वाट बघत राहिले. ब्रेक आला नाही. मग त्यांनी असा काही दाबला, की माझा चष्मा पुढच्या दोघांच्या मधून जाऊन गिअरवर पडला. बाई ढिम्म. भाऊजींनी टायची गाठ सैल केली. पुन्हा निघाले. आता त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, पाठ सीटला टेकलेली नव्हती, आणि कार्डाचा विषय निघून बराच काळ लोटल्यासारखं वाटत होतं. या वेगाने गेलो तर वर्ष गाडीतच संपेल, असा विचार माझ्या मनात आला. आणि त्यांनाही तो आला असावा, कारण त्यांनी जरा वेग वाढवला.

तेवढ्यात एका गोदामाच्या फाटकातून पहारेकरी बादली घेऊन पाठमोरा बाहेर आला.

गाडी थांबली. बादलीच्या अलीकडे, हातभर अंतरावर. पहारेकऱ्याने वळून पाहिलं, बादली खाली ठेवली आणि आम्हा तिघांच्या तीन पिढ्यांची चौकशी केली. भाषेवर चांगली पकड होती.

तो दमला तेव्हा भाऊजी म्हणाले, "बघितलंत? मी थांबवली."

"मी थांबवली," बाई म्हणाल्या.

"तुम्ही मांडी घालून बसला होतात."

"मग आता बघा."

बाईंची मांडी मोडलेली होती. अनवाणी पाय झिजलेल्या रबरावर होता. दोघंही वळून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, माझा चष्मा पुढे पडला होता. ते खरंही होतं. पण चष्म्याशिवायसुद्धा मला एवढं दिसलं होतं, की बाईंनी मांडी घातल्यापासून त्यांचा उजवा पाय एका क्षणासाठीही पुरता दुमडलेला नव्हता. गाडी कुणी थांबवली यावरून त्या घरात आजही वाद आहे आणि मी त्या वादात साक्षीदार व्हायला आजही तयार नाही.

भाऊजी उतरले. रुमाल घडी करून खिशात ठेवला. "म्हणजे कार्ड नको."

"कार्ड चांगलंय," बाई म्हणाल्या. "ज्याच्या शेजारी कुणी नवशिका बसत नाही, ज्याची मर्यादा पलीकडे आहे आणि ज्याचे पैसे कधी राहत नाहीत, त्याने जरूर घ्यावं. असा माणूस सापडला तर मला दाखवायला आणा. यांना मोजू नका, यांना सरबत दिलं की काहीही घेतात."

"तुमची शाळा बंद पडेल, वहिनी. मग येऊ नका माझ्याकडे."

"पायी येणार नाही. गाडी तर नसेलच."

भाऊजी चकचकीत बूट वाजवत गल्लीतून चालत गेले. पहारेकरी त्यांच्या मागे थोडा वेळ बोलत चालला होता.

वर्षाच्या अखेरीला बाईंनी साठवलेल्या पैशांत एक गाडी आली. तिसऱ्याच कंपनीची, कुणाची तरी वापरून झालेली. तिची काच खाली यायची, पण वर जायची नाही. नेहमीच्या मिस्त्रीने जुन्या गाडीतला दांडा आणि ब्रेक काढून हिच्यात बसवला. रबर बदलू का म्हणून त्याने विचारलं तर बाई त्याच्या अंगावर धावल्या. तक्त्यातलं चित्र मात्र त्यांनी काढलं नाही. एका नव्या मुलीने परवा त्यावर बोट ठेवून निरागसपणे विचारलं, "मॅडम, हे कसलं चिन्ह?"

"पुढे प्रवेश बंद," बाई म्हणाल्या. "लिहून घे."

आणि मग एका सकाळी भाऊजी पुन्हा बोळात उभे. टाय होता, अत्तर होतं. मागे त्यांची बायको, म्हणजे बाईंची धाकटी जाऊ, पर्स पोटाशी धरून.

"हिला शिकायचंय," भाऊजी भिंतीकडे बघत म्हणाले.

"कोपऱ्यावर मोठी शाळा आहे की," बाई म्हणाल्या. "चार नव्या गाड्या. सगळ्या तुमच्याच शोरूमच्या. तुम्हीच विकल्यात ना, कार्डासकट?"

"हो."

"मग घरच्या माणसाला तिकडे न्यायचं सोडून इथे कशाला?"

भाऊजींनी बुटाच्या टोकाने फरशीवरचा एक अदृश्य खडा बाजूला केला. आत पंखा कुरकुरत होता.

"म्हणूनच," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मग जावेला म्हणाल्या, "ये गं. पर्स मागे टाक. गाडी चालवताना पर्स कुणी पळवत नाही."

"ताई, मला जमेल का?"

"यांना जमलं म्हणजे कुणालाही जमेल. फी पूर्ण लागेल. इथे पॉईंट चालत नाहीत."

"मी पण येतो. मागे बसतो," भाऊजी म्हणाले.

"तुमचीच कटकट कमी पडत होती. बसा."

त्या दिवशी मीही मागे होतो, त्यांच्या शेजारी. काच वर जात नव्हती म्हणून वारा थेट तोंडावर येत होता. जाऊबाईंनी गाडी सुरू केली, दोनदा बंद पाडली, बाईंच्या शिव्यांचा पहिला हप्ता खाली मान घालून पचवला आणि एकदाची गाडी बोळातून रस्त्याला लागली. पहिल्याच वळणावर सायकलवाला आला. माझ्या शेजारी काहीतरी दणकन आपटलं. मी खाली पाहिलं. भाऊजींचा चकचकीत बूट पुढच्या सीटच्या मागे, गाडीच्या तळावर, सगळा जोर लावून दाबलेला होता. गाडी पुढे थांबली होतीच. ती कुणी थांबवली याबद्दल या वेळी वाद नव्हता. पुढचं वळण आलं, पुन्हा बूट खाली गेला. सिग्नलला पुन्हा. बाजारात तर दोन्ही बूट.

बाईंनी जादा आरशात पाहिलं.

"भाऊजी, पाय वर घ्या. तिथे काही नाहीये."